दोघांपैकी कोणीही

खातं उघडताना फॉर्मवर एक चौकोन होता,
हेमराजनं त्यात खूण केली होती:
'दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो.'
बँकेनं मरणाची सोय आधीच करून ठेवली होती.
आम्ही काही मेलो नाही.
सोमवारी सव्वाअकराला
अर्जुनीच्या शाखेत पंख्याखाली बसलो,
मधल्या तीन खुर्च्या सोडून.

मॅनेजर नवा, सांगलीकडचा.
म्हणाला, "एकजण आला असता तरी सगळे पैसे काढता आले असते."
ते आम्हाला ठाऊक होतं.
म्हणूनच दोघं आलो.

पासबुक एकच, म्हणून डोकी जवळ आणावी लागली.
मशीननं करकरत चौदा महिने छापले.
तेंदूपत्त्याचे चार हजार एकशे,
मे महिन्यातली माझी चिकट काळी बोटं.
दर दहा दिवसांनी डेअरी: म्हैस त्याच्या आईनं दिलेली, धार माझी.
हैदराबादेहून सहा हजार, सहा हजार, साडेपाच,
आणि एका महिन्यात फक्त दोनशे.
तेव्हा त्याला ताप होता, हे मला दिवाळीत कळलं.
'एटीएम, नवेगाव, पाचशे.'
"हे तुम्ही काढले?"
"नाही. मले वाटलं तूच."
दोघांनाही आठवेना.
वरच्या बांधीतून खालच्या बांधीत सोडलेलं पाणी,
आता कोणतं कुठलं म्हणून वेगळं करणार?

तेवीस हजार चारशे सात.
निम्मे निम्मे, वरचा रुपया त्याच्या चहाला.
म्हैस माझ्याकडेच राहणार, तिचे आठ हजार मी वळते केले.
तो म्हणाला, "राहू दे."
मी म्हटलं, राहू दे कसं? लिहा.
बॉलपेन दोरीनं टेबलाला बांधलेलं,
त्याला वाकून लिहावं लागलं.

मग लांजेवारबाईंनी कार्ड कात्रीनं कापलं.
पिनचे पहिले दोन आकडे त्यानं निवडलेले, पुढचे दोन मी.
एवढी वर्षं मी ते मनात एका दमात म्हणत आले.

"न वापरलेले चेक जमा करा."
सात होते. पिशवीतून काढून दिले.
बाई मोजता मोजता पाचव्यावर थांबल्या.
त्यावर सही होती. नाव नाही, रक्कम नाही, तारीख नाही.
पहिल्यांदा हैदराबादला निघाला तेव्हा
चुलीजवळ उभ्या उभ्या केलेली,
हेमराजमधला 'ज' घाईत लोंबलेला.
"अडलीनडली तर भर," म्हणाला होता.
अडलं तर बरेचदा.
शेजारणीकडून उसने घेतले, जोडवी मोडली,
हा चेक मात्र तांदळाच्या डब्याखाली तसाच.
का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.
त्यानं तो पाहिला. टेबलाच्या काचेकडे बघत राहिला.
बाईंनी दोन आडव्या रेघा मारल्या
आणि सहाव्याकडे वळल्या.

माझ्या नव्या फॉर्मवर वारसाचा रकाना.
मी आईचं नाव सांगितलं. वय? एकाहत्तर.
"कोणी लहान नाही का?" बाईंनी विचारलं,
मग माझ्याकडे बघून स्वतःच लिहून टाकलं.

स्टेशनवर बाक एकच, सावलीचा.
फोन त्याचा वाजला. खात्याला नंबर त्याचाच होता.
डोळ्यांपासून लांब धरून तो मोठ्यानं वाचू लागला, पूर्वी वाचायचा तसा,
"प्रिय ग्राहक, आपले खाते..."
आणि तिथंच थांबला.
बँक 'आपले' म्हणते तेव्हा तिला 'तुमचे' म्हणायचं असतं.
पण त्याच्या तोंडून ते तसं ऐकू आलं नाही.

बल्लारशा गाडी वीस मिनिटं लेट होती.
मी पदरानं मान पुसली.
म्हशीची वेळ होत आली होती.